१८००च्या सुमारास सिडनीच्या वसाहतीत वनस्पती कशा गोळा करत, आणि मागचा डोंगर ओलांडायला पंचवीस वर्षं का लागली?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सिडनीची वसाहत १७८८ मध्ये वसली आणि तेव्हापासूनच तिथून झाडपाल्याचे नमुने लंडनला जात होते. मग साठेक किलोमीटरवर उभा असलेला ब्लू माउंटन्सचा डोंगर ओलांडायला १८१३ का उजाडावं लागलं? आणि तेव्हाचे लोक नमुने गोळा करायचे म्हणजे नेमकं काय करायचे?

दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. माणसाच्या पाठीवर किती वजन मावतं, हा त्यातला एक धागा. दुसरा जरा गमतीचा आहे. वनस्पती गोळा करणाऱ्याला जिथे जावंसं वाटतं तिथून डोंगर ओलांडता येत नाही, आणि जिथून डोंगर ओलांडता येतो तिथे त्याला फारसं नवं सापडत नाही.

सुरुवात कागदापासून करू. या कामातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू कुऱ्हाड किंवा होकायंत्र नव्हे, कागद. जोसेफ बँक्स आणि डॅनियल सोलँडर हे वनस्पतिशास्त्रज्ञ १७७० मध्ये कॅप्टन कुकच्या जहाजावरून सिडनीशेजारच्या बॉटनी बे इथे उतरले, तेव्हा त्यांच्याकडे सुमारे २०० दस्ते टीपकागद होता. दस्ता म्हणजे २४ ताव, त्या हिशोबाने ४,८०० ताव झाले. आठवडाभरात त्यातला बहुतेक कागद भरला आणि आतला झाडपाला सडायच्या बेताला आला. ३ मेचा अख्खा दिवस बँक्सने दुसरं काही केलं नाही. सगळे दस्ते किनाऱ्यावर नेले, जहाजाचं शीड वाळूवर पसरलं, त्यावर कागद उन्हात मांडले, दिवसभर उलटेपालटे केले, काही दस्ते तर आतली बाजू बाहेर करून ठेवले. संध्याकाळी माल सुस्थितीत जहाजावर परत गेला. पापड वाळवणाऱ्या कुणालाही हे तंत्र समजेल. फरक एवढाच, की इथे ऊन नमुन्याला थेट द्यायचं नसतं, कागदाला द्यायचं असतं.

ओल्या पानातलं पाणी लवकर काढून घेतलं नाही तर दोन गोष्टी होतात. पानाच्या पेशी हळूहळू मरतात, त्यातली द्रव्यं हवेशी मिसळून काळी पडतात आणि रंग जातो. आणि चार दिवसांत बुरशी धरते. नुसता दाब देऊन भागत नाही. दाब पानाला सपाट ठेवतो, पाणी घेतो तो कागद. म्हणून पहिले तीन-चार दिवस रोज कागद बदलायचा, पुढे दिवसाआड, आणि साधारण आठ-दहा दिवसांत पातळ पानांचा नमुना तयार. बोटांना गार लागतो तोवर तो ओला असतो, ही आजही चालणारी खूण. काढलेला ओला कागद उन्हात किंवा शेकोटीजवळ वाळवून पुन्हा वापरायचा. म्हणजे कोणत्याही वेळी निम्मा कागद नमुन्यांत आणि निम्मा वाळत, असं चक्र चालतं. नोव्हेंबरात तीन दिवस पाऊस लागला की चक्र थांबतं आणि त्या आठवड्याचं सगळं काम काळं पडतं.

सिडनीच्या वालुकाश्मावरची झुडपं या बाबतीत फसवी आहेत. पानं जाड, चिवट, कोरडी दिसतात, त्यामुळे लवकर वाळतील असं वाटतं. उलट होतं. पानावरचा मेणचट थर पाणी आत धरून ठेवतो. युकॅलिप्टसची फांदी प्रेसमध्ये (कागदांची चळत दाबून ठेवणाऱ्या फळ्यांत) दिवसेंदिवस जिवंत राहते आणि त्या काळात देठाशी पानं सुटून गळतात. उघडून बघावं तर काडी वेगळी, पानं वेगळी. बँक्सिया या झुडपाचं जाड कणीस तर प्रेसमध्ये मावतच नाही. ते उभं चिरून अर्धं वाळवायचं किंवा वेगळं बांधून त्याच क्रमांकाची चिठ्ठी लावायची. ही चिठ्ठी विसरली की कुठलं फळ कुठल्या फांदीचं हा घोळ दोनशे वर्षं निस्तरत नाही.

युकॅलिप्टस हा एकूणच डोकेदुखीचा वंश. लहान झाडाची पानं आणि मोठ्या झाडाची पानं इतकी वेगळी असतात की दोन जाती वाटाव्यात. ओळख पटवायला कळ्या लागतात (कळीवरची टोपी टोकदार आहे की बोथट, हे पाहायचं), पिकलेली फळं लागतात, साल गुळगुळीत की धाग्याधाग्यांची याची नोंद लागते. साल प्रेसमध्ये येत नाही, म्हणून ती लिहूनच ठेवावी लागते. आणि फुलं तर वीस-पंचवीस मीटरवर. बंदुकीने फांदी पाडायचा प्रयोग करता येतो, पण शिशाने फुलांचा चुरा होतो. खरा उपाय म्हणजे चढणारा माणूस. स्थानिक लोक बुंध्यावर कुऱ्हाडीने अंगठ्याएवढ्या खाचा पाडत, एका खाचेत पाय रोवून वरची खाच पाडत सरळ वर जात.

जॉर्ज केलीकडे असा माणूस होता: डॅनियल मूवॅटिन, पॅरामॅटा भागातला तरुण. केली हा यॉर्कशरमधला, घोड्यांच्या व्यापाऱ्याच्या घरातला, स्वतःच्या हिमतीवर वनस्पतिशास्त्र शिकलेला. बँक्सने त्याला आठवड्याला १५ शिलिंगांवर सिडनीला पाठवलं. १८०० मध्ये तो पोहोचला आणि १८१० पर्यंत राहिला. युकॅलिप्टसच्या जाती नीट वेगळ्या ओळखणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत तो येतो, याचं कारण त्याने झाडांची स्थानिक नावं टिपली. ज्यांना त्या लाकडाच्या ढाली आणि सालीच्या होड्या करायच्या होत्या, त्यांनी कोणतं झाड कोणतं हे फार आधी ठरवलेलं होतं. नमुन्यावरच्या चिठ्ठीत मात्र मूवॅटिनचं नाव सहसा नसतं.

केलीचा दुसरा नाद ऑर्किडचा. जमिनीवरची ऑर्किडं वाळवणं हे सगळ्यात कठीण, कारण कंद जिवंत राहतो आणि प्रेसमध्येच फूल कोमेजून काळं होतं. कंद उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवायचा किंवा चिरायचा. फूल पाण्याबाहेर ठेवायचं. केलीच्या नावाने रॉबर्ट ब्राऊनने (इथेच नमुने गोळा केलेला वनस्पतिशास्त्रज्ञ) १८१० मध्ये ऑर्किडच्या एका वंशाला ‘कॅलिआना’ नाव दिलं. हे फूल जेमतेम दोन सेंटिमीटरचं, तांबूस-तपकिरी, आणि आकार हुबेहूब उडत्या बदकाचा. ‘डोकं’ म्हणजे त्याची ओठासारखी पाकळी, एका लवचिक पट्टीवर बसलेली. गवताच्या काडीने टोचलं की ती झटकन खाली मिटते आणि खालच्या पेल्यात जाऊन बसते. काही वेळाने परत वर येते. सॉफ्लाय नावाच्या माशीसारख्या कीटकाचा नर त्यावर मादी समजून उतरतो, पेल्यात अडकतो आणि बाहेर पडताना पराग घेऊन जातो. वाळलेल्या नमुन्यात यातलं काहीही दिसत नाही, एक काळपट सुरकुती दिसते. म्हणून अशा फुलाची टिपणं जागेवरच, पहिल्या दहा मिनिटांत करावी लागतात.

आता वजन. वसाहतीतल्या पुरुषाचा १७८८ चा आठवड्याचा शिधा सात पौंड पीठ किंवा पाव आणि सात पौंड गोमांस किंवा चार पौंड डुकराचं खारवलेलं मांस असा होता. वर वाटाणे आणि लोणी. पाच माणसं आणि तीन आठवडे धरा: पीठ १०५ पौंड, डुकराचं मांस ६० पौंड, म्हणजे माणशी १५ किलो नुसतं अन्न. त्यावर बंदूक, घोंगडी, पाण्याचं भांडं, कुऱ्हाड, किटली. एप्रिल १७९१ मध्ये गव्हर्नर फिलिप २१ जणांची तुकडी घेऊन निघाला होता. त्यात असलेल्या वॉटकिन टेंचने दहा दिवसांच्या शिध्यासह प्रत्येकाच्या पाठीवरचं ओझं ४० पौंडांहून कमी नाही, म्हणजे अठरा किलो, असं लिहून ठेवलं आहे. त्यात कागद धरलेलाच नाही. दहा दस्ते घेतले तर ओझ्यात आणखी चार-पाच किलोंची भर, आणि त्या २४० तावांत एका वेळी साठ-सत्तर नमुनेच नीट वाळतात. झाडं भरपूर, कागद कमी. म्हणून अनुभवी माणूस पहिल्या दिवशी काही तोडतच नाही. जाताना फक्त खुणा करतो आणि परतीच्या वाटेवर, शिधा संपून पाठ हलकी झाल्यावर, तोडत येतो. यात धोका एकच: परत त्याच वाटेने येणं होईलच असं नाही.

अंतर कसं मोजायचे हेही त्याच १७९१ च्या मोहिमेत कळतं. विल्यम डॉस होकायंत्रावर दिशा धरून पावलं मोजत जायचा. चांगल्या जमिनीवर २,२०० पावलं म्हणजे एक मैल, असा हिशोब. पाऊल त्र्याहत्तर सेंटिमीटरचं झालं. सपाटीवर हे उत्तम चालतं. घळीत उतरताना पावलांची संख्या वाढते आणि नकाशावरचं अंतर तेवढंच राहतं, म्हणून डोंगरातल्या जुन्या नोंदींतली अंतरं नेहमी फुगलेली असतात. नमुन्याची जागा शोधताना ती दिशेवरून शोधा, अंतरावरून नको. याच मोहिमेत कोल्बी आणि बॅलडेरी हे दोघे वाटाडे किनाऱ्याजवळचे होते. हॉक्सबरी नदीकडचा मुलूख त्यांचा नव्हता, तिथली वाट त्यांना ठाऊक नव्हती आणि तिथे जायची हौसही नव्हती. ‘स्थानिक वाटाड्या’ असा एक सरसकट शब्द वापरला की हे सुटतं. वाटाडे दर खोऱ्याला वेगळे लागत. डोंगरात धारुग आणि गुंडुंगुरा लोकांच्या वाटा होत्याच. पण १७८९ च्या देवीच्या साथीने सिडनीभोवतीची फार मोठी वस्ती संपली होती, आणि नदीकाठच्या रानकंदांच्या जागी मका पेरून वसाहतीने उरलेल्यांशी वैर घेतलं होतं. वाट विचारायची कोणाला?

ब्लू माउंटन्सची उंची काही फार नाही, साधारण हजार मीटर. आपल्या कळसूबाईपेक्षा पुष्कळ कमी. अडचण रचनेत आहे. वालुकाश्माचे आडवे थर, त्याखाली मऊ थर. पाणी खालचा मऊ थर पोखरतं आणि वरचा खडक सरळ तुटून पडतो. त्यामुळे नदीच्या पात्राने आत शिरलात तर दोन्ही बाजूंना कडे वाढत जातात आणि शेवटी समोरही कडाच येतो, वरून धबधबा. युरोपातल्या माणसाला खोऱ्याने वर चढून खिंडीत पोहोचायची सवय. सह्याद्रीत भटकणाऱ्यालाही ओढा धरला की कुठेतरी नाळ सापडेल असं वाटतं. इथे सहसा सापडत नाही.

केली ३ नोव्हेंबर १८०४ रोजी चार धट्टीकट्टी माणसं आणि तीन आठवड्यांचा शिधा घेऊन निघाला. त्याने ग्रोज नदीच्या उत्तरेची बाजू धरली आणि आडवं कापत गेला. म्हणजे एक सोंड चढायची, पलीकडच्या घळीत उतरायचं, पुन्हा चढायचं. घळींना त्याने दिलेली नावंच सगळं सांगतात: ‘सैतानाचं रान’, ‘काळोखी दरी’. वनस्पतींच्या दृष्टीने ही वाट अप्रतिम. त्या ओल्या घळींतच नेचे, सावलीतली झाडं, वरच्या रखरखीत माळावर न मिळणारं सगळं. एका डोंगरमाथ्यावर पोहोचून त्याला त्याने बँक्सचं नाव दिलं, समोर ग्रोजची प्रचंड दरी पाहिली, आणि तिथून मागे फिरला. २३ नोव्हेंबरला परत. शिधा त्या बेताचाच होता.

मे १८१३ मध्ये ब्लॅक्सलँड, लॉसन आणि वेंटवर्थ हे वसाहतीतले तिघे निघाले ते चार नोकर, चार घोडे आणि पाच कुत्रे घेऊन. त्यांना फुलांशी देणंघेणं नव्हतं, गुरांना चराई हवी होती. त्यांनी एकच नियम पाळला: ग्रोजचं पाणी उजवीकडे, कॉक्स नदीच्या खोऱ्याचं डावीकडे, आणि मधली धार, म्हणजे डोंगराचा कणा, सोडायची नाही. धार अरुंद असो, वाकडी असो, ओढ्यात उतरायचं नाही. पुढे जाऊन पायी झुडपं तोडायची, झाडांवर खुणा करायच्या, परत मुक्कामाला यायचं आणि दुसऱ्या दिवशी घोडे त्या वाटेने पुढे न्यायचे. धारेवर गवत नाही, म्हणून घोड्यांसाठी चाराही पाठीवर. तीन आठवड्यांत, ३१ मे रोजी, ते पलीकडच्या कुरणांपर्यंत गेले. खरं तर मुख्य पाणलोट त्यांनी ओलांडलाच नाही. तो त्याच वर्षी नोव्हेंबरात जॉर्ज एव्हन्सने ओलांडला. पुढे विल्यम कॉक्सने तीस कैद्यांकडून सहा महिन्यांत शंभर मैलांवर रस्ता काढला, जानेवारी १८१५ पर्यंत. आजचा महामार्ग आणि रेल्वे बऱ्याच अंशी त्याच धारेवरून जातात.

रस्ता आणि घोडे आल्यावर कागदाचं गणित बदललं. वनस्पती गोळा करणारा ॲलन कनिंगहॅम १८१७ मध्ये जॉन ऑक्सलीच्या शोधमोहिमेबरोबर लॅक्लन नदीकडे गेला आणि सुमारे ४५० जाती घेऊन आला. तो केलीपेक्षा हुशार होता असं नाही. त्याचा कागद घोड्याच्या पाठीवर होता.

नमुने सिडनीत वाळून तयार झाले की काम निम्मंच झालं. पुढे पाच-सहा महिन्यांचा समुद्र. इथला साधा नियम: तीन संच करायचे आणि तीन वेगळ्या जहाजांनी पाठवायचे. ब्राऊनने चांगला संच स्वतःजवळ ठेवला म्हणून वाचला. दुसरा संच आणि जिवंत रोपं ‘पॉर्पस’ जहाजावर चढवली, आणि ते ऑगस्ट १८०३ मध्ये प्रवाळावर आपटून फुटलं. त्याआधी १७८९ मध्ये ‘गार्डियन’वर बँक्सने खास वनस्पतींची खोली बांधवली होती, ९३ कुंड्या इंग्लंडहून सिडनीला. नाताळच्या आदल्या दिवशी जहाज हिमनगाला धडकलं आणि वजन कमी करायला बरंच सामान समुद्रात गेलं, त्यात कुंड्याही.

बियांचं निराळं. बाभूळकुळातल्या बिया कडक कवचाच्या, वर्षानुवर्षं टिकतात. पेरताना उकळतं पाणी ओतून रात्रभर ठेवल्या की उगवतात. हाकिया आणि बँक्सियाची फळं लाकडी. ती शेकोटीच्या कडेला तापवली की फटी उघडतात, मग बी झटकून काढायचं. सिडनीच्या ओल्या घळीतली लिली पिली मात्र आपल्या जांभळाच्याच वंशातली, आणि वागणं जांभळासारखंच: बी वाळलं की मेलं. ते कागदाच्या पुडीत पाठवणं म्हणजे फुकट टपाल. ओलसर वाळूत किंवा मॉसमध्ये घालूनच न्यावं लागतं.

जिवंत रोपं सर्वांत अवघड. खारं तुषार, उंदीर, आणि पाण्याच्या वाटपात शेवटचा नंबर. हे कोडं १८३३-३४ मध्ये सुटलं. नॅथॅनिएल वॉर्डच्या बंद काचपेट्या लंडनहून सिडनीला आल्या आणि तिथली रोपं घेऊन परत गेल्या. परतीत केप हॉर्नजवळ उणे सात अंश आणि डेकवर फूटभर बर्फ, विषुववृत्तावर एकोणपन्नास अंश. वाटेत एकदाही पाणी घातलं नाही, तरी नाजूक नेचे जिवंत पोहोचले. पाणी बाष्प होऊन काचेला लागायचं आणि परत मातीत ठिबकायचं.

पोहोचल्यावरही मरण होतंच. बँक्सिया, वारताह, ग्रेव्हिलिया या तिथल्या झुडपांच्या मुळांचे झुपके निकृष्ट वाळूतून फॉस्फरस ओरबाडून घ्यायला घडलेले. अशा रोपाला प्रेमाने शेणखत घातलं की फॉस्फरसची विषबाधा होते, पानांच्या कडा करपतात. भरड वाळू आणि उपासमार हाच त्यांचा आहार. हीच गोष्ट बॉटनी बेलाही लागू होती. इतक्या प्रकारची फुलं म्हणजे जमीन सुपीक, असा समज बँक्सचा झाला आणि त्याने ती जागा वसाहतीसाठी सुचवली. फिलिप जानेवारी १७८८ मध्ये तिथे उतरला तर गोडं पाणी पुरेसं नाही आणि माती वाळूची. आठवड्याभरात त्याने मुक्काम शेजारच्या पोर्ट जॅक्सनला हलवला. पिकं तिथेही नीट आली नाहीत, शेती पॅरामॅटाला न्यावी लागली.

आपल्याकडे या मंडळींचा माल रोज दिसतो. महाराष्ट्रात सरसकट ‘निलगिरी’ म्हणून लावलेल्या झाडांत मोठा वाटा युकॅलिप्टस टेरेटिकॉर्निस आणि त्याच्या संकरांचा आहे. त्या जातीचं वर्णन १७९५ मध्ये सिडनीहून गेलेल्या नमुन्यावरून झालं. कोकणातल्या उजाड सड्यांवर लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ पाहा. शास्त्रीय नावात शेवटी ‘ए. कन. एक्स बेंथ.’ असं येतं. म्हणजे नाव कनिंगहॅमने सुचवलं, रीतसर प्रसिद्ध केलं बेंथमने. सिल्व्हर ओकच्या नावातही तोच कनिंगहॅम, पुढे ब्राऊन.

शेवटी, जुना नमुना हाती आला आणि चिठ्ठीवर नुसतं ‘पोर्ट जॅक्सन’ असेल, तर ते बंदर समजू नका. तिथून जहाजात चढलेलं काहीही त्या नावाने जाई, ब्लू माउंटन्सच्या घळीतलंसुद्धा. आधी अक्षर कोणाचं ते ओळखा, मग त्या माणसाच्या रोजनिशीत त्या महिन्यात तो कुठे होता ते पाहा. चिठ्ठीवर नोव्हेंबर १८०४ असेल आणि अक्षर केलीचं असेल, तर ते झाड किनाऱ्यावर शोधण्यात वेळ घालवू नका.